मदत हवी आहे: लिंक्ड सर्व्हरमधून क्लाउडवरच्या ऑर्डरी येईनात, एरर ७३०३

उभाआडवा: लोकहो, अर्जंट आहे. आमच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमधून बाहेरचा डेटा थेट वाचायला लिंक्ड सर्व्हर बनवलाय. टेस्ट कनेक्शन ओके येतंय, पण क्वेरी मारली की ७३०३. गूगलवरचं सगळं करून झालं. शेठ दर तासाला डोकावून जातात. काय करू?

चिंचोळीकर: लिंक कशाशी केलंय? प्रोव्हायडर कुठला? टेस्ट कनेक्शन कुठल्या खिडकीत ओके आलं? आणि एरर पूर्ण टाका. ७३०३ एवढंच सांगतो की कनेक्शन जुळलं नाही. का जुळलं नाही ते सोबतच्या दुसऱ्या ओळीत असतं.

पोर्टवाला: दोन्ही मशीनवर १४३३ उघडा, टीसीपी आयपी एनेबल करा, एसक्यूएल ब्राउझर सर्व्हिस चालू ठेवा. आमच्या पुण्याच्या ब्रँचला सेम झालं होतं. शंभर टक्के चालणार.

उभाआडवा: भाऊ, समोर एसक्यूएल सर्व्हर नाहीच. क्लाउडवरचं सेल्सफोर्स आहे. वर लिहिलंय की.

चिंचोळीकर: नाही लिहिलेलं.

उभाआडवा: बरं, घ्या सगळं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट. मुंबईची सेल्सची पोरं ऑर्डर सेल्सफोर्समध्ये भरतात. स्टॉक, पॅकिंग, चलन इथल्या एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये. मध्ये दोघांना जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हर, ड्रायव्हर विकणाऱ्यांचा माणूस रिमोटवरून सेट करून गेला. मागे एका पार्टीने ३० बाय ६० चा माल कमी करून हँड टॉवेल वाढवले, आणि इथे सकाळच्या प्रिंटवर गाडी भरून निघून गेली. तेव्हापासून शेठचं एकच: लोडिंगच्या स्क्रीनवर ऑर्डर आत्ताची दिसली पाहिजे.
एरर: ओएलई डीबी प्रोव्हायडर एमएसडीएएसक्यूएल, 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डीफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड'. खाली ७३०३.

रात्रपाळी: लाइव्हच्या नादाला लागू नका. रात्री दोनला सगळ्या ऑर्डरी लोकल टेबलात ओढा, सकाळी रिपोर्ट काढा. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चाललंय, कधी तक्रार नाही.

उभाआडवा: दादा, रात्री दोनची ऑर्डर सकाळी अकराला बदलली तर? तेच तर झालं ना.

एक्सेलताई: पॉवर बीआय वापरा, सेल्सफोर्सचा कनेक्टर तयारच मिळतो. एसक्यूएलचा एवढा खटाटोप कशाला?

चिंचोळीकर: ताई, त्यांना स्टॉकशी जोडून लोडिंगच्या स्क्रीनवर हवंय, आणि ती स्क्रीन एसक्यूएलवर चालते. तिथे चार्ट बघायला कोण बसलंय?

उभाआडवा, तुमच्या एररमध्येच उत्तर आहे. डीएसएन (एररमधलं 'डेटा सोर्स नेम', म्हणजे जोडणीची नावाने साठवलेली माहिती) 'युजर डीएसएन' टॅबमध्ये बनवलेलं असणार. ते फक्त त्या विंडोज लॉगिनला दिसतं. तुम्ही ओडीबीसीच्या खिडकीतून टेस्ट करता तेव्हा तुमचं लॉगिन असतं. क्वेरी मारता तेव्हा डीएसएन शोधते एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस, आणि ती तिच्या स्वतःच्या अकाउंटवर चालते. तिला ते कुठून दिसणार? 'सिस्टम डीएसएन'मध्ये त्याच नावाने नवं बनवा. आणि ६४ बिटच्या खिडकीतून बनवा, २०१९ फक्त ६४ बिटच येतो. गंमत म्हणजे ६४ वाली खिडकी सिस्टम३२ फोल्डरमध्ये असते आणि ३२ वाली सिसवाउ६४ मध्ये. नावावर जाऊ नका.

बाळीवेस: सगळे सर्व्हर सर्व्हर करालेत बे, हा माणूस जेवला का विचारा कुणीतरी. एमआयडीसीत आज लाइट हाय का?

उभाआडवा: लाइट आहे, जेवण राहिलंय. सिस्टम डीएसएन केलं, चालू झालं! चिंचोळीकर सर, लई उपकार.
पण आता दुसरंच. साधी क्वेरी, एका पार्टीच्या पेंडिंग ऑर्डरी. पंधरा-वीस ओळी यायला पाहिजेत. चहा पिऊन आलो तरी फिरतंयच.

रात्रपाळी: म्हणून म्हणालो.

चिंचोळीकर: क्वेरी कशी लिहिलीय? लिंक्ड सर्व्हरचं नाव, मग तीन टिंबं, मग टेबल?

उभाआडवा: हो. वेअरच्या अटीत पार्टीचा कोड आहे.

चिंचोळीकर: मग तो वेअर सोलापुरात लागतोय. तशा नावाने लिहिलं की ओडीबीसीतून बहुतेक वेळा अख्खं टेबल इकडे येतं आणि गाळणी इथे लागते. टेबलात ओळी किती आहेत?

उभाआडवा: ऑर्डर लाइन तीन लाखांच्या आसपास.

चिंचोळीकर: सेल्सफोर्स एका कॉलला, म्हणजे एका मागणीला, जास्तीत जास्त २००० ओळी देतं. म्हणजे रिफ्रेशचं बटण एकदा दाबलं की १५० कॉल. एंटरप्राइज एडिशनला २४ तासांत १ लाख कॉल, वर लायसन्समागे हजार. लोडिंगवर चौघांनी दिवसभर रिफ्रेश दाबत बसायचं म्हटलं तर करा हिशेब. मुंबईवाल्यांची बाकीची जोडणीही त्याच कोट्यातून खाते.
ओपनक्वेरी वापरा. तिच्यात क्वेरी मजकूर म्हणून जशीच्या तशी पलीकडे जाते, गाळणी तिकडे लागते, पंधरा ओळी असतील तर पंधराच येतात. मात्र ओपनक्वेरीला व्हेरिएबल चालत नाही. पार्टीचा कोड स्क्रीनवरून येत असेल तर 'एक्झेक ॲट' वापरा, त्यासाठी लिंक्ड सर्व्हरच्या ऑप्शनमध्ये 'आरपीसी आउट' ट्रू करा. आलेल्या ओळी आधी टेंप (तात्पुरत्या) टेबलात घ्या, मग स्टॉकच्या टेबलाशी जॉइन मारा. एकाच क्वेरीत लोकल आणि क्लाउड जॉइन करू नका.

रात्रपाळी: एक्झेक ॲटचा रिझल्ट टेंप टेबलात इन्सर्ट करायला गेलात की डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शनची बोंब होते, एरर ७३९१. हे सांगायचं राहिलं तुमचं.

चिंचोळीकर: बरोबर आहे. लिंक्ड सर्व्हरच्या त्याच ऑप्शनच्या पानावर 'एनेबल प्रमोशन ऑफ डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन्स' फॉल्स करा, मग नाही येत. बघा, लाइव्हची माहिती तुम्हालाही आहे.

रात्रपाळी: माहिती आहे म्हणूनच रात्री कॉपी करतो. नेट गेलं की तुमची लोडिंगची स्क्रीन कोरी. माझी निदान कालचं तरी दाखवते.

एक्सेलताई: आणि कालच्यावरच गाडी भरून गेली होती ना यांची?

रात्रपाळी: मग दर पंधरा मिनिटांनी बदललेल्याच ओळी ओढा. सेल्सफोर्सच्या प्रत्येक रेकॉर्डला शेवटच्या बदलाची वेळ असतेच. पूर्ण लाइव्ह आणि पूर्ण शिळं यांच्या मध्ये काही असतं की नाही?

पोर्टवाला: इंटरनेट कुणाचं आहे? माझ्याकडे चांगला प्लॅन आहे, मेसेज करा.

उभाआडवा: ओपनक्वेरीने चार-पाच सेकंदांत आलं! नेट गेल्यावरचं रात्रपाळी दादांचं पटतंय, पण शेठना पंधरा मिनिटंही नकोत. पार्टीपुरतं लाइव्हच ठेवतो, नेट नसेल तेव्हा स्क्रीनवर लाल पट्टी: मुंबईला फोन करा.
एक शेवटचं. एक्स्पोर्टच्या काही ऑर्डरी एक दिवस आधीच्या तारखेत दिसतात.

चिंचोळीकर: रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मध्ये भरलेल्या असतील. एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या जोडणीतून, वेळ यूटीसी या जागतिक वेळेत येते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. काही ड्रायव्हर स्वतःच बदलून देतात, तेव्हा आधी एक ऑर्डर सेल्सफोर्सच्या स्क्रीनवर आणि इथे ताडून बघा, नाहीतर दोनदा साडेपाच तास मिळवाल.
आणि डीएसएनमध्ये लॉगिन कुणाचं टाकलंय?

उभाआडवा: मुंबईच्या सेल्स मॅनेजरचं.

चिंचोळीकर: ते आजच काढा. पासवर्ड डीफॉल्टने ९० दिवसांत संपतो. त्यांनी बदलला की सिक्युरिटी टोकनही (पासवर्डसोबत लागणारा कोड) नवं येतं आणि तुमचं लोडिंग बंद, त्यांना पत्ताही नसणार. शिवाय लिंक्ड सर्व्हरला सगळ्यांसाठी एकच लॉगिन जोडलं असेल तर तुमच्या एसक्यूएलमध्ये शिरणारा कुणीही प्रत्येक पार्टीचा रेट वाचू शकतो. जोडणीसाठी वेगळा युजर मागा, लागतील तेवढीच फील्डं, फक्त वाचायची परवानगी.

उभाआडवा: रेटचं शेठना सांगितलं. वेगळा युजर लगेच मंजूर.

बाळीवेस: टॅलीलापण असं जोडता येतंय का ओ? तिकडं पण ओडीबीसी हाय म्हणे.

चिंचोळीकर: येतं, टॅली उघडी पाहिजे, पोर्ट सहसा ९०००. नवा धागा काढा, आणि व्हर्जन पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.