रशियातल्या चर्चमध्ये तुम्हाला काय अनुभव आले?

मे महिन्यात आईबाबांना घेऊन मॉस्को आणि पीटर्सबर्ग करतोय. आईला दिसेल त्या चर्चमध्ये आत जायचं असतं. गाइडबुकातल्या याद्या वाचून झाल्यात, त्या नकोत, स्वतः पाहिलेलं असेल ते लिहा.

---

आईंच्या पर्समध्ये एक ओढणी कायम असू द्या. बायकांनी डोकं झाकायचं, पुरुषांनी टोपी काढायची. शहरातल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये टुरिस्टांना फारसं कोणी बोलत नाही पण मठात चालवून घेत नाहीत. सेर्गियेव्ह पोसादच्या मठात (मॉस्कोहून साधारण ७० किमी, लोकल जाते) मी जीन्सवर होते तर दारातल्या आजींनी एक शब्द न बोलता गुंडाळायचा घागरा आणला आणि नाडीची गाठपण स्वतःच मारली, ती सुटता सुटेना! आत संत सेर्गियांच्या अवशेषांची चांदीची पेटी आहे, रांग थेट आपल्या पंढरपूरसारखी, लोक वाकून कपाळ टेकवतात आणि बाजूला बायका गात असतात, ते गाणं थांबतच नाही.

---

मेणबत्तीचं मी सांगतो. दारापाशी काउंटर असतो, जाडीप्रमाणे किंमत. छोट्या क्रूसाचं चौकोनी टेबल असतं ते गेलेल्यांसाठी, जिवंत माणसांसाठी संतांच्या चित्रांसमोरचे गोल स्टँड. माझा मित्र बायकोची तब्येत सुधारावी म्हणून चौकोनी टेबलाकडे निघाला तर मागून एका बाबुश्काने (म्हणजे म्हाताऱ्या आजीने) मनगटच धरलं त्याचं. आणि अर्धी जळलेली मेणबत्ती कोणी काढून टाकली तर वाईट वाटून घेऊ नका, जागा करतात ते. काउंटरवर प्रार्थनेसाठी नावांच्या चिठ्ठ्याही घेतात पण त्या बाप्तिस्मा झालेल्यांच्याच.

---

आम्ही मेडिकलवाले, ईस्टरला थांबलो तेव्हाचं सांगते. शनिवारी चर्चच्या अंगणात लांब टेबलं, त्यावर टोपल्या, कुलिच (उंच गोड पाव, वर साखरेचं आयसिंग), कांद्याच्या सालांत उकळून लाल केलेली अंडी. फादर भला मोठा ब्रश बादलीत बुडवून पाणी उडवतात आणि असं हात मोकळा सोडून की चष्मा पुसायलाच लागतो, लोक हसत असतात. मध्यरात्री मिरवणूक चर्चभोवती फिरते, मग "ख्रिस्तोस वोस्क्रेसे!" (ख्रिस्त पुन्हा उठला!) आणि सगळे ओरडतात "वोईस्तिनू वोस्क्रेसे!" (खरोखरच उठला!) थंडीत उभं राहायची तयारी ठेवा. तारीख आपल्या कॅलेंडरातल्या ईस्टरशी जुळेलच असं नाही, नाताळसुद्धा तिकडे ७ जानेवारीला.

---

बाबुश्का ओरडतात हे जरा जास्तच रंगवतात लोक. मला तर एकीने भिंतीलगतच्या बाकावर सरकून जागा दिली, बाकी बसायला खुर्च्या नसतातच, दोन-दोन तास सगळे उभे. बाबांचे गुडघे दुखत असतील तर मागे उभं राहा, मधेच निघालात तरी चालतं. वाद्य एकही नाही, नुसते गळे. हात खिशात नको, प्रार्थना चालू असताना फोटो नको.

मॉस्कोतलं ख्राईस्ट द सेव्हियर कॅथेड्रल बघाच. १९३१ मध्ये स्टालिनच्या काळात सुरुंग लावून पाडलं, १९६० मध्ये त्या जागी उघडा स्विमिंग पूल झाला, आणि पुन्हा बांधलेलं चर्च २००० साली सुरू झालं. माझी घरमालकीण लहानपणी त्या पुलात पोहायला जायची, गरम पाण्याची वाफ यायची म्हणे. आता दर रविवारी तिथेच जाते आणि पूलही छान होता म्हणते!

---

मस्त माहिती, आभार. प्रसाद मिळतो का आपल्याला?

---

छातीवर हात दुमडून जी रांग लागते तिच्यात उभं राहू नका, ते कम्युनियन (पवित्र पाव-वाइन), फक्त त्यांच्या पंथाच्या लोकांना. मठातल्या काउंटरवर छोटे गोल पाव विकत मिळतात, प्रोस्फोरा म्हणतात, ते मागा. चव अगदीच फिकी असते, आईंना आधीच सांगा.