मदत हवी आहे: कृष्णविवराच्या रिंगडाउनची सुरुवात कोणत्या क्षणापासून धरावी?

विद्यापीठातील आमच्या लहान संशोधनगटातील दोन पीएच.डी. विद्यार्थी, 14 सप्टेंबर 2015 रोजी लायगो या अमेरिकेतील वेधशाळेने नोंदवलेल्या गुरुत्वीय लहरींच्या खुल्या माहितीतून, दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणानंतर उरलेल्या कृष्णविवराचे वस्तुमान आणि परिवलन केवळ त्याच्या विरत जाणाऱ्या कंपनांवरून, म्हणजेच रिंगडाउनवरून, काढत आहेत. ही कंपने सुमारे 4 मिलिसेकंदांत ओसरतात. म्हणून संकेताच्या सर्वोच्च बिंदूनंतर 3 मिलिसेकंद थांबल्यास अनिश्चितता फार वाढते, आणि त्या बिंदूपासूनच सुरुवात केल्यास पहिला अधिस्वर (मुख्य कंपनासोबतचे, अधिक लवकर विरणारे कंपन) गृहीत धरावा लागतो, ज्याविषयी गटातच तीव्र मतभेद आहेत. हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या दोन्ही शोधक उपकरणांची माहिती एकत्र वापरूनही उत्तर सुरुवातीच्या क्षणानुसार सरकते. आमच्याकडे एकच संगणक आहे आणि प्रबंधाला सहा महिने उरले आहेत. अशा स्थितीत सुरुवातीचा क्षणही अज्ञात राशी मानावा, की ज्ञात उत्तराचे कृत्रिम संकेत खऱ्या गोंगाटात मिसळून तो आधीच ठरवावा?