डेटा फोल्डर उचलला, नव्या मशीनवर टाकला, झालं?

पेठेतला_डीबीए: परवाच्या पोस्टमध्ये एका सज्जनांनी सल्ला दिलाय: सेंटओएस 7 या लिनक्सचा सपोर्ट संपला ना, मग पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा फोल्डर आरसिंकने (फाइल कॉपी करायच्या टूलने) रॉकी 9 या नव्या लिनक्सवर न्या आणि सर्व्हिस चालू करा. कोलेशनचा (टेक्स्टच्या क्रमवारीच्या नियमांचा) इशारा आलाच तर 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' मारा. खाली अंगठ्यांची रांग!

अहो, इशारा कशाचा आहे ते तरी वाचा. टेक्स्टची क्रमवारी पोस्टग्रेस सहसा ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीकडून घेतं. सेंटओएस 7 वर ग्लिबसी 2.17, रॉकी 9 वर 2.34. मधल्या 2.28 मध्ये, 2018 साली, क्रमवारीचे नियम पार बदलले. अमेरिकन इंग्लिश लोकेल (भाषेची सेटिंग) ठेवून सॉर्ट कमांडला '11' आणि '1-1' द्या. जुन्या मशीनवर 11 आधी, नव्यावर 1-1 आधी. इंडेक्स, म्हणजे डेटा पटकन शोधायची सूची, रचलाय जुन्या क्रमाने, शोध चालतो नव्या. मग असलेली रो सापडत नाही आणि युनिक इंडेक्स तीच व्हॅल्यू दुसऱ्यांदा आत घेतो, बिनबोभाट.

रिफ्रेशने फक्त नोंदवलेला आवृत्ती क्रमांक बदलतो, इंडेक्सला हातही लागत नाही. आधी रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधा), मग रिफ्रेश. पोस्टग्रेस 15 च्या आधी तर डेटाबेसच्या डीफॉल्ट कोलेशनसाठी हा इशाराही येत नाही.

घाईत_आहे: सज्जन मीच. पुस्तकी ज्ञानाला दंडवत. दोन टीबी डेटा डंप करून (फाइलमध्ये काढून) नव्या मशीनवर परत भरायला डाउनटाइम तुमचे काका देणार का? आमचा सर्व्हर मस्त चाललाय, एक तक्रार नाही. कीज सगळ्या इंटिजर, नुसते आकडे.

रात्रपाळी: इंटिजर इंडेक्सला धक्का नाही, नशीबवान आहात. भोसरीतल्या एका स्पेअरपार्टवाल्याच्या पार्ट नंबरात डॅश होते. सर्व्हर हलवल्यावर काउंटरवरच्या पोराला नंबर सापडेना, म्हणून त्याने नवीन पार्ट टाकला. इंडेक्स स्कॅन बंद करून क्वेरी मारली तर दोन्ही रो हजर! रीइंडेक्स डुप्लिकेटवर आपटला. कुठल्या रोचा स्टॉक खरा, हे रजिस्टर उघडून जुळवण्यात रविवार गेला. कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) मागितला तर म्हणे, 'सपोर्टमध्ये एवढं चालतंच.'

बेंचवरचा: कॉम्प ऑफ! आमच्याकडे फॉर्म आहे, मंजूर करणारा नाही. मॅनेजर क्लायंटला 'झिरो डाउनटाइम' कबूल करून मोकळा, शनिवारी रात्री जागायचं आपण.

जुना_खेळाडू: आम्ही सर्व्हर रूममध्ये सतरंजी टाकून झोपलोय. तुमच्या पिढीला दोन तास जास्त झाले की एचआर आठवतं.

बेंचवरचा: सतरंजी तुमची, इन्सेन्टिव्ह साहेबांचा. कौतुक कसलं सांगताय?

पेठेतला_डीबीए: धागा कोलेशनचा आहे, हजेरीपटाचा नाही.

रात्रपाळी: संबंध आहे. डाउनटाइम मागायची हिंमत वर कुणात नाही, म्हणूनच फोल्डर उचलले जातात.

घाईत_आहे: घ्या, चालवलं ॲमचेक, इंडेक्स तपासायचं टूल. इंटिजरवाले सगळे स्वच्छ. ईमेलच्या इंडेक्सवर क्रम चुकल्याची एरर आली. रीइंडेक्स कन्करंटली (काम चालू ठेवून) लावलाय, पेढे वाटा. डंप तरीही करणार नाही.

पेठेतला_डीबीए: करू नका. पुढच्या वेळी लॉजिकल रेप्लिकेशन (रोंचे बदल नव्या सर्व्हरला पाठवणं) लावा, तिकडे इंडेक्स नव्याने बनतो. स्ट्रीमिंग स्टँडबाय (सर्व्हरची जशीच्या तशी नक्कल) मात्र नको, तिथे इंडेक्स जुन्याच क्रमाचा जातो. आणि ती मूळ पोस्ट दुरुस्त करा, लोक अजून अंगठे देतायत.

घाईत_आहे: करतो. सोमवारी. आज सुट्टी आहे.