सॅम्युअल बोर्नच्या हिमालयाच्या फोटोवरून हाताने रंगवलेलं चित्र: नागपुरात कोण करून देईल?

मनीषनगरकर
नमस्कार मंडळी. बाबांची पंचाहत्तरी दोन महिन्यांवर आली आहे. ते 1987 साली मित्रांसोबत गोमुखला गेले होते, अजूनही विषय निघाला की पानातला भात वाळतो. सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने 1866 मध्ये तिथवर जाऊन फोटो काढले होते. त्यातल्या एकावरून कॅनव्हासवर तैलचित्र करून घ्यायचंय, 36 बाय 24 इंच. प्रिंट नको, ब्रशनेच केलेलं हवं. बजेट फ्रेमसकट 12 हजार. बाबांना सांगितलेलं नाही. कुणाचा अनुभव?

तर्रीबाज
भाऊ, 12 हजारात त फ्रेमच येते. माह्या साळ्यानं 45 देऊन वाघ काढून घेतला. मांजरीसारखा दिसून राहिला, पण रंग असली हाय. 35 च्या खाली बोलूच नका.

जुनी_काच
बोर्न! 2004 मध्ये कोलकात्याला त्यांच्या स्टुडिओत, बोर्न अँड शेफर्डमध्ये, मी स्वतः फोटो काढून घेतलाय. 1991 च्या आगीत तिथला बराच जुना साठा गेला आणि 2016 मध्ये स्टुडिओच बंद झाला. माझा फोटो आहे अजून, कुणाला पाहायचा असेल तर सांगा.

अजबबंगला
बोर्न भारतात आला 1863 ला, आपलं नागपूरचं संग्रहालय, अजब बंगला, तेही 1863 चंच. सहज आठवलं.

हिरवी_मिरची_सावजी
फोटोचं चित्र कशाला पण? फोटोच मोठा करून लावा. गेटी संग्रहालयाच्या साइटवर पाहा, तिथे जुन्या फोटोंच्या मोठ्या फाइली फुकट उतरवता येतात.

मनीषनगरकर
फाइल आहे हो. प्रिंट नको म्हटलंय वर.

निवृत्त_कलाशिक्षक
36 बाय 24 मागू नका. बोर्न ज्यांच्यावर फोटो घ्यायचा त्या काचा साधारण 12 बाय 10 इंचांच्या, म्हणजे चित्र जवळजवळ चौकोनी. 36 बाय 24 म्हटलं की चित्रकार वरचं शिखर तरी छाटणार नाहीतर खालचे दगड. 36 बाय 30 सांगा.
दुसरं, त्याच्या फोटोत आकाश कोरं पांढरं दिसतं, ते ढगांमुळे नाही. त्या वेळी काचेवर फासायचं ते रसायन, ओलं कलोडियन, निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलायचं, त्यामुळे आकाश जळून जायचं. चित्रकाराला मोकळी जागा दिसली की तो तिथे गुलाबी ढग घालतोच. आधी बजावून ठेवा.
मूळ अल्ब्युमिन प्रिंट, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचे फोटो, तपकिरी असतात. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात रंगवलं तर निळसर, मेल्यासारखं दिसतं. काळ्यात बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग मिसळायला सांगा.

तर्रीबाज
सर बरोबर. मी पण हेच म्हणत होतो.

वर्धारोड_वहिनी
माझी चूक करू नका. मी एकाकडून धबधबा करून घेतला. घाईत ओलंच बबल रॅपमध्ये गुंडाळून दिलं त्याने. घरी उघडलं तर सगळ्या पाण्यावर चवल्या-पावल्यांएवढे गोल ठसे. फोन केला तर म्हणे, ताई, ते टेक्श्चर आहे! तैलरंग जाड असेल तर वाळायला कित्येक आठवडे लागतात. दोन महिने म्हणजे आजच ऑर्डर द्या.

हिमालय_वेडा
बोर्नचं करायचं तर हिमाचलातल्या मनिरंग खिंडीचं करा, सुमारे 18,600 फूट! त्या मोहिमेत म्हणे 80 हमाल सोबत होते. काच ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा, त्यामुळे काळोखा तंबू, रसायनं, काचा सगळं खिंडीत चढवलं. गोमुख काय, आता सगळेच जातात.

मनीषनगरकर
बाबा मनिरंगला गेले नाहीत.

फुटाळा_फोटोग्राफर
त्यापेक्षा अमेरिकेतल्या अॅन्सेल अॅडम्सचा हाफ डोम कड्याचा फोटो रंगवून घ्या. तो खरा निसर्गछायाचित्रकार.

निवृत्त_कलाशिक्षक
अॅडम्स वारले 1984 ला, त्यांच्या फोटोंवर हक्क आहेत. बोर्न 1912 ला गेला, तिथे कसली अडचण नाही. आणि गोमुखाच्या धाग्यात अमेरिका कशाला?

फुटाळा_फोटोग्राफर
मी फक्त सुचवलं. चिडता कशाला सर.

इतवारीवाला
चित्रकला महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा, 12 मध्ये आनंदाने करतील. पण हातात आल्यावर खिडकीपाशी तिरपं धरून पाहा. काही जण प्रिंटवरच पारदर्शक जेल फासून ब्रशचे फटकारे दाखवतात. उंचवटे रंगाच्या कडेने जात नसतील, तर समजा फसलात.

वर्धारोड_वहिनी
आणि कूलरच्या झोतासमोर टांगू नका हो! आमचा कॅनव्हास मे महिन्यात झोळीसारखा लोंबला, मागून बुरशी. नागपुरात हे कुणीच सांगत नाही.

तर्रीबाज
आमच्या घरी एसी हाय, तरी वाघ तसाच.

मनीषनगरकर
सर्वांचे आभार. ठरलं. आमच्या गल्लीत पूर्वी सिनेमाचे बॅनर रंगवणारे एक काका आहेत, त्यांनी साडेनऊ हजार सांगितले, 36 बाय 30.
सर, तुमचं एक ऐकलं नाही, राग मानू नका. काकांना फोटो दाखवत होतो तेवढ्यात बाबा मागून आले, सरप्राइज गेलं चुलीत. बाबा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आकाश असं पांढरं नव्हतं रे. निळं होतं, इतकं की डोळे दुखायचे." काकांनी तिथल्या तिथे कोबाल्ट ब्लूची ट्यूब काढली. तपकिरी आता राहिलं.

निवृत्त_कलाशिक्षक
कोबाल्ट एकट्याने उथळ दिसेल. वरच्या बाजूला थोडं अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळं, घ्यायला सांगा.

तर्रीबाज
ढग टाकले का काकानं?