उद्यानासाठी जमीन घेतली की कर बुडतो, तरीही पालिकांचा पाठिंबा का?

जिज्ञासू (प्रश्न)
अमेरिकेतील नगरपालिका आणि काउंट्या उद्यानांसाठी व मोकळ्या जमिनींच्या जतनासाठी सार्वजनिक निधी मिळावा, असे ठराव वरचेवर करताना दिसतात. या संस्थांचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात मालमत्ता करावर चालते आणि जमीन सार्वजनिक मालकीची झाली की ती करातून सुटते. मग आपल्याच तिजोरीला कात्री लावणाऱ्या योजनेला लोकप्रतिनिधी पाठिंबा का देतात? हा निव्वळ लोकानुनय आहे, की त्यामागे काही हिशेब आहे?

जमाखर्च
हिशेब आहे. त्याच जमिनीवर घरे उभी राहिली तर कर येतो, पण त्याबरोबर रस्ते, मलनिस्सारण, अग्निशमन आणि मुख्यतः शाळा यांचा खर्चही येतो. 'अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट'ने अनेक गावांचे जमाखर्च या दृष्टीने तपासले असून, निवासी भाग भरलेल्या करापेक्षा अधिक खर्चाच्या सेवा घेतो आणि शेती व मोकळी जमीन कमी घेते, असा त्यांचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. ही संस्था शेतजमीन वाचवण्याच्या बाजूची आहे आणि आकडे सरासरीचे आहेत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. शाळेत जागा शिल्लक असलेल्या गावाला नवी घरे फायद्याचीही ठरू शकतात.

दुसरे असे की, पैसा पुष्कळदा बाहेरून येतो. १९६४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या 'लँड अँड वॉटर कॉन्झर्वेशन फंडा'त मुख्यतः समुद्रातील तेल व वायू उत्खननाचे स्वामित्वधन जमा होते आणि राज्यांमार्फत स्थानिक प्रकल्पांना निम्म्या खर्चापर्यंत अनुदान मिळते. वर्षानुवर्षे संसद त्यातील बरीच रक्कम इतरत्र वळवत असे. २०२० च्या कायद्याने वर्षाला ९० कोटी डॉलर कायमचे निश्चित झाले. अनुदान घेतलेली जागा पुढे अन्य कामासाठी हवी असेल, तर केंद्राच्या मंजुरीने तितक्याच मोलाची आणि उपयुक्ततेची पर्यायी जागा द्यावी लागते. पालिकेचे हात बांधले जातात ते इथे.

करदाता
सगळाच पैसा बाहेरचा नसतो. कोलोरॅडोतील बोल्डरच्या मतदारांनी १९६७ मध्येच मोकळ्या जमिनींच्या खरेदीसाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. मॅसॅच्युसेट्समध्ये २००० च्या कायद्यानुसार गावाने मतदानाने मान्य केल्यास मालमत्ता करावर कमाल ३ टक्के अधिभार बसतो. म्हणजे ज्याचा कर ५,००० डॉलर आहे, त्याच्या बिलात फार तर १५० डॉलर वाढतात आणि राज्याच्या निधीतून गावाला जोड मिळते. माझ्या मते लोकप्रतिनिधींना धीर येतो तो या रचनेमुळे: रक्कम वेगळ्या खात्यात जाते, ती कशावर खर्च करता येईल हे कायद्यात लिहिलेले असते आणि निर्णयाचे उत्तरदायित्व मतदारांनी स्वतः उचललेले असते. सर्वसाधारण निधीतून तेवढीच रक्कम मागून पाहावी. पोलीस आणि शाळा यांच्यापुढे उद्यानाचा निभाव लागत नाही.

जिज्ञासू
दोघांचेही आभार. परंतु जमीन विकत घेतल्यावर देखभालीचे काय? तो खर्च तर दरवर्षीचा.

जमाखर्च
नेमके दुखणे तेच आहे. मॅसॅच्युसेट्सच्या या निधीतून खरेदी करता येते, जुन्या मैदानाचे पुनरुज्जीवन करता येते; पण नित्याच्या देखभालीस तो वापरण्यास कायद्यानेच मनाई आहे. परिणामी गवत कापणारे कर्मचारी, कुंपण आणि कचरा हे सारे पालिकेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकावर पडते. म्हणून पाठिंब्याचा ठराव वाचताना, खरेदीच्या रकमेखाली देखभालीसाठी वार्षिक तरतूद लिहिली आहे का, हे मी आधी पाहतो.