कंपायलरचा 'दोष' की कंपायलरमधली 'खोट'?

खडूफळा :
कंपायलरमधले (आपला प्रोग्राम मशीन कोडमध्ये उतरवणाऱ्या प्रोग्राममधले) बग, म्हणजे चुका, कशा शोधतात यावर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहितोय. 'बग'ला सरसकट 'दोष' लिहिलं आणि तिसऱ्या पानावर अडलो. "हा कंपायलरचा दोष नाही" याचे दोन अर्थ निघतात. एक, कंपायलरमध्ये बग नाही. दुसरा, बग असेलही, पण कंपायलरला बोल लावू नका. वेगळा शब्द आहे का? 'ढेकूण' नको, कृपया.

नीरक्षीर :
ढेकूण कसला, तो पतंग होता! ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क २ संगणक, रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) सापडलेला पतंग नोंदवहीत चिकटवलेला. गंमत म्हणजे शेजारीच लिहिलंय की खराखुरा बग सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. म्हणजे शब्द आधीपासून वापरात होता, तो विनोद होता. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही 'बग' आहे.
माझं मत 'खोट'ला. सोन्यात खोट असते, वरून दिसत नाही, कसाला लावल्यावर कळते. आणि खोट असली म्हणून कुणाला बोल लागत नाही.

तिरकी मात्रा :
खोट चालेल, पण एका शब्दात भागणार नाही. जीसीसी या कंपायलरच्या बगझिलात, म्हणजे बगांच्या नोंदवहीत, प्रकारागणिक वेगळे कीवर्ड आहेत. कंपायलर स्वतःच कोसळला तर 'आइस', म्हणजे इंटर्नल कंपायलर एरर. हा त्यातल्या त्यात सज्जन प्रकार, पडताना बोंब तरी मारतो. 'अ‍ॅक्सेप्ट्स-इन्व्हॅलिड' म्हणजे चुकीचा प्रोग्राम मुकाट स्वीकारणं, खोटं नाणं चालवून घेणं. सगळ्यात वाईट 'राँग-कोड': तुमचा प्रोग्राम बरोबर, कंपायलरची तक्रार शून्य, आणि मशीन कोड भलताच. याला शब्द शोधायलाच नको. अर्थाचा अनर्थ. 'अनर्थ' लिहा.

खडूफळा :
'अनर्थ' घेतला! आता 'रिग्रेशन'? 'प्रतिगमन' लिहिलं तर पोरं पळतील.

बाराखडी :
आमच्याकडे टायफॉइड उलटतो. बरा झाला म्हणून माणूस हिंडायला लागतो आणि पुन्हा अंथरुणाला खिळतो. 'बग उलटला' म्हणा की.

तिरकी मात्रा :
ऐकायला झकास, पण अर्धंच खरं. तोच जुना बग परत आला पाहिजे असं नाही. आधीच्या आवृत्तीत नीट चालणारी कुठलीही गोष्ट नव्या आवृत्तीत मोडली की ते रिग्रेशन. त्याला साधा 'बिघाड' बसतो. बिघडायला आधी धड असावं लागतं. खोट मुळातली, बिघाड नंतरचा. म्हणूनच बिघाडाचा माग काढणं सोपं: चालणारी जुनी आवृत्ती आणि मोडलेली नवी हातात असली, की मधल्या हजार बदलांत निम्मे-निम्मे करत साधारण दहा चाचण्यांत गुन्हेगार सापडतो. गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममधली 'बायसेक्ट' ही आज्ञा तेच करते.

बाराखडी :
मान्य. मग 'रिड्यूस'ला, म्हणजे बग दाखवणारी फाइल लहान करत नेण्याला, तरी माझा शब्द घ्या: आटवणं. मागे एका कंपायलरने माझ्या फाइलवर मान टाकली. सगळ्या हेडर फाइल (प्रोग्रामला जोडलेल्या बाहेरच्या फाइल) उलगडल्यावर चाळीसेक हजार ओळी. अशी फाइल बघून कोण तपासणार? निम्मा मजकूर उडवायचा, कंपाइल करायचं. तसाच कोसळला तर ठीक, नाही तर उडवलेलं परत आणायचं. संध्याकाळपर्यंत नऊ ओळी उरल्या. (सी-रिड्यूस नावाचा प्रोग्राम हे आपोआप करतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.) आणि बासुंदीसारखंच, लक्ष नसलं की तळाला लागतं. मधेच एका टप्प्यावर कंपायलर कोसळत होता खरा, पण भलत्याच ठिकाणी. मी दुसराच बग आटवत बसले होते.

नीरक्षीर :
'तळाला लागलं' हेही टिपणात घ्या, फुकट मिळालंय.

खडूफळा :
सगळं घेतो. पण माझं मूळ वाक्य अजून तिथेच आहे. प्रसंग असा: सी भाषेत कुणी ओव्हरफ्लो (संख्या ठरलेल्या जागेत न मावणं) पकडायला "क्ष + १ < क्ष" अशी तपासणी लिहितो. क्ष साइन्ड इंटिजर, म्हणजे ऋणही असू शकणारी पूर्ण संख्या. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची कंपायलरची सोय) लावलं की तपासणीच गायब. बिचारा बग नोंदवतो आणि उत्तर येतं 'इन्व्हॅलिड'. कारण साइन्ड ओव्हरफ्लो झाल्यावर काय व्हावं याचं सी भाषेच्या अधिकृत मानकात बंधनच नाही, त्यामुळे तो होणारच नाही असं कंपायलर धरून चालतो.

तिरकी मात्रा :
मग लिहा, "कंपायलरमध्ये खोट नाही, दोष लिहिणाऱ्याचा." दोन शब्द झाल्यावर वाक्य सुटलं की!

बाराखडी :
लिहिणाऱ्याचा का? तपासणी काढून टाकताना कंपायलरने चकार शब्द काढला नाही. 'इन्व्हॅलिड'ला 'अवैध' लिहू नका एवढंच सांगते, तक्रार करणारा गुन्हेगार वाटतो. 'खोट आढळली नाही' लिहा.

खडूफळा :
लिहिलं. दोष कुणाचा, ती जागा कोरी ठेवलीय.