गिअर पडतो, पण गाडी हलत नाही
पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडला तरी गाडी जागची हलत नाही आणि इंजिनही बंद पडत नाही, असे आपण लिहिले आहे. त्यावर लगेच गिअरबॉक्स खोलण्याचा जो सल्ला या चर्चेत आधी कुणी दिला, तो मला घाईचा वाटतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून उभ्या ठेवलेल्या गाडीचे ब्रेक शू (ब्रेक लावताना चाकाच्या ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) गंजून ड्रमला चिकटले असते, तर क्लच सोडताच इंजिन दबून बंद पडले असते. तसे होत नाही, म्हणजे इंजिनापासून चाकांपर्यंतची जोडणी कुठेतरी सुटलेली आहे.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्याने गिअरची केबल निसटलेली नाही एवढे पाहून थेट ड्राइव्ह शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांना गती देणाऱ्या दोन दांड्यांकडे, वळावे. डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांत गती वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) रचनेमुळे एकच शाफ्ट तुटला वा निखळला तरी सारी गती त्या मोकळ्या बाजूला निघून जाते आणि धड असलेले दुसरे चाकही फिरत नाही. चाकाच्या आतल्या बाजूस शाफ्टच्या सांध्यावरचे फाटलेले रबरी बूट (आवरण) आणि उडालेले ग्रीस दिसले, तर संशय बळावतो. (इंजिन चालू असताना गाडीखाली मात्र मुळीच डोकावू नये.) शाफ्ट शाबूत असतील आणि बिघाडापूर्वी चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, जळका वासही येत असेल, तर इंजिनाची गती गिअरबॉक्सला देणारी क्लच प्लेट झिजलेली असण्याची शक्यता अधिक. ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज घेताना हा फरक आधीच स्पष्ट करून घ्यावा.